लशीची तारीख चुकली म्हणजे दुबार पेरणी नाही

होळी होऊन आठवडा झाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात माझी मावसबहीण आशा म्हणून काम करते. तिच्यासोबत त्या दिवशी मी अंगणवाडीत बसले होते. नर्सताईंचा निळा डबा टेबलावर, बाजूला सुया कापायचं यंत्र, भिंतीला टेकून पाच-सहा बाया, आणि दारात एक जण अर्धी आत, अर्धी बाहेर. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. ते ती पुढे करत नव्हती.

मावसबहिणीनं ते जवळजवळ ओढूनच घेतलं. जन्मावेळच्या लशी होत्या. दीड महिन्याच्या रकान्यात तारखा होत्या. त्यानंतर सगळ्या चौकटी कोऱ्या. पहिल्या हिवाळ्यात घरचे सगळे तेलंगणात मिरची तोडायला गेले, मग ती माहेरी, मग सोयाबीनचा हंगाम, मग पुन्हा मिरची. "आता का पयल्यापासून सुरू करा लागन जी?" तिनं हळूच विचारलं. नर्सताईंनी मान वर न करताच सांगितलं, "नाही वं बाई. जिथं थांबलं तिथून पुढं."

या एका वाक्यासाठी ती जवळपास वर्षभर अंगणवाडीकडे फिरकली नव्हती. ओरडतील, सगळं परत टोचतील, कार्ड बघून बाकीच्या बाया हसतील, असं तिला वाटत होतं. तिची एकटीची ही गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी ७३.५ टक्के मुलांचं मूळ लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. म्हणजे चारातल्या एका लेकराच्या कार्डावर कुठे ना कुठे कोरी चौकट होती. त्यातल्या बहुतेकांच्या घरी लशीला विरोध नसतो. तारीख हुकते, आणि हुकलेली तारीख लाजेपायी लांबत जाते.

लस शरीरात करते काय

रोगाचा जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला शिकतं, पण शिकायला त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. घटसर्प किंवा गोवर तेवढी सवड देईलच असं नाही. लशीत त्याच जंतूचा मेलेला, दुबळा केलेला किंवा नुसता एखादा तुकडा असतो. रोग होत नाही, पण शरीर त्याचा चेहरा ओळखून ठेवतं. गावात चोर येऊन गेल्यावर त्याला ओळखायचं की आधीच फोटो बघून ठेवायचा, एवढाच हा फरक.

ही ओळख रक्तातल्या ठराविक पेशी सांभाळतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. पुढचं सगळं समजायला एवढा एक शब्द पुरे आहे.

काही लशींचे दोन-तीन डोज का असतात? पहिल्या डोजनं ओळख होते, पण ती कच्ची असते. दुसऱ्या-तिसऱ्यानं ती पक्की होते. दीड वर्षानंतरचा बूस्टर म्हणजे पुसट होत आलेल्या अक्षरांवर पुन्हा पेन फिरवणं.

मग पहिले डोज वाया गेले का?

नाही. मूळ गोंधळ इथेच आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

मृगाचा पाऊस बघून पेरणी केली, मग पावसानं वीस दिवस दडी मारली, बी जळालं, की दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याचा पैसा गेला, मेहनत गेली. आपल्याकडच्या माणसाला हे दुखणं इतकं ओळखीचं आहे की लशीच्या बाबतीतही तो तोच हिशेब लावतो. मधे खंड पडला म्हणजे आधीचं जळालं, असं त्याला वाटतं.

लशीचं तसं नसतं. पहिल्या डोजनं तयार झालेल्या स्मृतिपेशी महिन्या-दोन महिन्यांत मरून जात नाहीत. पेरलेलं उगवलेलं असतं. हुकली आहे ती डवरणी आणि खताचा दुसरा हप्ता. उशिरा डवरलं म्हणून कोणी पऱ्हाटी उपटून नवी लावत नाही. जगभर हाच नियम पाळला जातो, की दोन डोजमधलं अंतर कितीही वाढलं तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, राहिलेले डोज तेवढे द्यायचे.

उलट बाजूनं मात्र नियम कडक आहे. दोन डोजमधलं अंतर ठरल्यापेक्षा कमी चालत नाही. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लशीच्या, दोन डोजमध्ये किमान चार आठवडे हवेतच. "एवढा उशीर झाला, तर आठ-आठ दिवसांनी देऊन टाका" असं म्हणून भागत नाही. आधीचा धडा मुरायच्या आत पुढचा दिला तर तो लागू पडत नाही आणि तेव्हा डोज खरोखरच वाया जातो.

मग उशिरानं बिघडतं काय?

बिघडतं ते मधल्या काळात. कुंपणाची तार एका जागी तुटली तर बाकीचं कुंपण काही खराब होत नाही. पण रानडुकराला तेवढी जागा पुरते. आणि ते नेमकं कुठल्या रात्री येईल हे सांगून येत नाही.

बाळ जन्मतं तेव्हा आईकडून मिळालेली थोडी रोगप्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात असते. ती उसनी असते, महिन्यागणिक कमी होत जाते. गोवर-रुबेलाची पहिली लस एरवी नऊ महिने पूर्ण होण्याआधी देत नाहीत, कारण आईची ती शिल्लक लशीचंच काम अडवते. नऊ महिन्यांनंतर शिल्लक जवळजवळ संपते आणि बाळ उघडं पडतं. वेळापत्रकातली प्रत्येक तारीख असा काही ना काही हिशेब करून ठरवलेली आहे. डांग्या खोकल्याचंही तसंच. सर्वाधिक जीव तो पहिल्या काही महिन्यांच्या बाळांचे घेतो, म्हणून ती लस दीड महिन्यापासूनच सुरू होते.

गोवराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण उशिराचा फटका सगळ्यात आधी तिथे बसतो. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या लोकांमध्ये आला तर सरासरी १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. रोगी खोली सोडून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल रोग पसरवत असतं, म्हणजे घरच्यांना कळायच्या आत वाडीभर पोचलेला असतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात आणि मालेगाव, भिवंडीत जो उद्रेक झाला, त्यात लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलंच मोठ्या संख्येनं सापडली. साथ रोखायची तर शंभरातल्या साधारण ९५ मुलांना दोन्ही डोज मिळालेले असावे लागतात. चार-पाच घरं सुटली की कुंपणाला भगदाड पडलंच.

आपल्याकडे अजून गोवर निघाला की "माय आली" म्हणून कडुलिंबाचा पाला टांगून लेकराला घरात ठेवतात. पाला टांगायला हरकत नाही, दवाखाना टाळायला आहे. गोवर पुरळावर थांबत नाही. त्यामागून न्यूमोनिया येतो, जुलाब लागतात, आणि अंगात जीवनसत्त्व अ कमी असलेल्या मुलाची नजरसुद्धा जाऊ शकते. शिवाय गोवर एक वाईट काम करतो, शरीरानं आधी ओळखून ठेवलेल्या इतर रोगांची स्मृतीही तो काही प्रमाणात पुसतो. गोवर होऊन गेलेलं मूल पुढे बरेच महिने सारखं आजारी का पडतं, त्याचं हे एक कारण. मेळघाटात किंवा गडचिरोलीत आधीच वजन कमी असलेल्या लेकराला हे किती महाग पडतं, ते वेगळं सांगायला नको.

कुठल्या लशीला किती उशीर चालतो?

सगळ्या लशींना सारखी मुभा नाही. काहींची गाडी सुटते, काहींची बराच वेळ फलाटावर उभी असते.

जन्मल्यावर २४ तासांत द्यायचा कावीळ ब चा डोज हुकला तर तो हुकला, नंतर तोच भाग पेंटातून मिळतो. पोलिओचा जन्मावेळचा थेंब पहिल्या १५ दिवसांत द्यायचा. दंडावर व्रण उठवणारी बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, सरकारी वेळापत्रकात पहिल्या वाढदिवसापर्यंत देतात.

त्यानंतरची महत्त्वाची रेघ म्हणजे पहिला वाढदिवसच. रोटाव्हायरस (जुलाबाची), न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पेंटा या तिन्हींचा निदान पहिला डोज वर्षाच्या आत मिळाला असेल तर उरलेले नंतरही पूर्ण करून मिळतात. पेंटातले पाच रोग हे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर व न्यूमोनिया. वर्ष उलटेपर्यंत तिचा एकही डोज मिळाला नसेल तर त्याऐवजी पहिल्या तीन रोगांची डीपीटी देतात, चार-चार आठवड्यांनी तीन डोज आणि सहा महिन्यांनी बूस्टर. डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. म्हणून अकरा महिन्यांच्या बाळाच्या आईला मी सांगेन की पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस, याच महिन्यात जा. तेवढ्या एका फेरीनं तीन दारं उघडी राहतात.

गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत देता येतात. जपानी मेंदूज्वराची जेई लस काही ठराविक जिल्ह्यांतच देतात. विदर्भातले काही जिल्हे त्यात येतात, तेव्हा आपला आहे का ते नर्सताईंना विचारायचं. ती पंधरा वर्षांपर्यंत चालते.

हे नियम मधूनमधून सुधारले जातात. न्यूमोनियाची लस देशभरात २०२१ मध्ये आली, पोलिओच्या सुईचा तिसरा डोज जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्यामुळे थोरल्याचं कार्ड धाकट्याच्या कार्डाशी ताडून पाहू नका. "दादाले तर ही सुई नव्हती" हे खरंही असू शकतं.

त्या दीड वर्षाच्या मुलाचं काय झालं?

नर्सताईंनी पेनाच्या टोकानं चौकटी मोजल्या. वर्षाच्या आत पेंटाचा एक, रोटाचा एक, पीसीव्हीचा एक डोज मिळालेला. म्हणजे तिन्ही दारं उघडी. त्या दिवशी पेंटाचा दुसरा डोज डाव्या मांडीत, पीसीव्हीचा दुसरा उजव्या मांडीत, गोवर-रुबेलाचा पहिला उजव्या दंडात. तोंडानं पोलिओचे दोन थेंब, रोटाचा दुसरा डोज आणि जीवनसत्त्व अ चं पातळ औषध.

पुढची तारीख चार आठवड्यांनंतरची. तेव्हा पेंटा, पोलिओ आणि रोटाचा तिसरा, आणि गोवर-रुबेलाचा दुसरा. पीसीव्हीच्या बूस्टरसाठी दोन महिने थांबायचं. आणि पेंटाच्या तिसऱ्या डोजनंतर सहा महिन्यांनी डीपीटी आणि पोलिओचा बूस्टर. जीवनसत्त्व अ पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. दीड वर्षाची थकबाकी म्हणावी, तर ती चार फेऱ्यांत फिटते. बँकेचं कर्ज इतक्या सवलतीत फिटलं असतं तर, असं माझी मावसबहीण म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. दारातलीही.

"एका दिवशी तीन-तीन सुया? पोराले मारता का?"

हा प्रश्न मुलाच्या आजीचा होता. आजींचा मान राखूनही सांगायला हवं की बाळाचं शरीर रोजच मातीतून, हातातून, तोंडात घातलेल्या खुळखुळ्यातून हजारो नवे जंतू ओळखत असतं. तीन-चार लशी हे त्याच्यासाठी ओझं नाही. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या सुईनं दिल्या की त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. वेगळ्या दिवशी देण्यात उलट तोटा आहे. मूल तितक्या वेळा रडतं, आईची तितकी मजुरी बुडते आणि मधल्या एखाद्या फेरीला हमखास दांडी पडते.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. सुईनं द्यायच्या दोन जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या जंतूच्या, लशी, जशी गोवर-रुबेला आणि खासगीत मिळणारी कांजिण्यांची, एकतर एकाच दिवशी द्यायच्या नाहीतर मधे चार आठवडे सोडायचे. अर्धं सरकारी, अर्धं खासगी असं लसीकरण चालू असेल तर दोन्हीकडे एकच कार्ड दाखवा.

"सर्दी झाली, पुढच्या वेळी आणतो"

लेकराला सर्दी नाही असा महिना आपल्या घरात कधी असतो? साधी सर्दी-खोकला, किरकोळ ताप, थोडे जुलाब, चालू असलेलं औषध, दात येणं, कमी वजन, यातलं काहीही लस टाळायचं कारण नाही. कमी वजनाच्या मुलाला तर ती आधी हवी, कारण रोगाशी झुंजायला त्याच्या अंगात ताकद कमी असते.

खरी कारणं मोजकी आहेत. मूल दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असणं, आधीच्या डोजनंतर श्वास अडकण्यासारखी तीव्र ॲलर्जी किंवा झटके आलेले असणं, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार चालू असणं. अशा वेळी निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा, आपला नाही आणि शेजारणीचा तर नाहीच.

माझ्या स्वतःच्या मुलीची नऊ महिन्यांची लस दोन महिने लांबली, ती अशाच सर्दीपायी. ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या माणसानं "बरी झाली की आणा" म्हणून परत पाठवलं, आणि मी शिकली-सवरलेली बाई गुमान परत आले. आज कोणी तसं म्हणालं तर विचारेन, "सर्दीत चालत नाही असं कुठं लिहिलं आहे?" विचारायला काही पैसे पडत नाहीत.

"टोचल्यावर ताप येते ना?"

येतो. खोटं कशाला बोला! पेंटा-डीपीटीनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, किरकिर असं बऱ्याच मुलांना होतं. शरीर चेहरा ओळखण्याच्या कामाला लागल्याची ती खूण आहे. नर्सताई वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सांगतात, तेवढंच द्यायचं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मांडीवर ठेवता येतं. चोळायचं नाही, तेल-हळद लावायची नाही. दूध अंगावर पाजत राहायचं. गोवर-रुबेलाचा ताप मात्र उशिरा येतो, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, आणि तोवर घरचे लस विसरलेले असतात.

खासगी दवाखान्यात "बिनदुखीची" सुई मिळते, ताप कमी येतो, हे खरं. पण डांग्या खोकल्याविरुद्ध तिचं संरक्षण लवकर ओसरतं, सरकारी लशीचं जास्त टिकतं. फुकटाची म्हणून कमअस्सल, असा समज करून घेऊ नका.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. तीव्र ॲलर्जी लाखांत एखाद्याला होते असंही म्हणता येत नाही, दहा लाख डोजमागे साधारण एकाला होते. पण झालीच तर ती पहिल्या काही मिनिटांत, आणि त्यावरचं इंजेक्शन नर्सताईंच्या किटमध्ये असतं. घरी गेल्यावर झटके आले, मूल तीन तासांहून जास्त एकसारखं रडलं, श्वास घ्यायला त्रास झाला, निपचित पडलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

"एवढ्या उन्हातून आलेली लस चांगली असते का?"

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो त्या भागात ही शंका अगदी रास्त आहे. लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. निळ्या डब्यात चारी बाजूंनी बर्फाच्या पट्ट्या असतात त्या यासाठी. पण उष्णतेनं लस बिघडली का हे ओळखायला एक साधी सोय आहे, ती तुम्हीही बघू शकता. बाटलीवर जांभळा गोल असतो, त्यात पांढरा चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती फेकायची. नर्सताईंना म्हणा, "जरा बाटली दाखवता का?" चांगली नर्स रागावत नाही, उलट तिला बरं वाटतं.

गोवर-रुबेला आणि बीसीजीच्या बाटलीवर उघडल्याची वेळही लिहिलेली असते. त्यांची पूड सोबतच्या द्रवात कालवली की चार तासांच्या आत वापरावी लागते, मग उरलेली टाकून द्यायची. म्हणूनच कधीकधी ऐकू येतं, "एकच मूल आहे, बाटली फोडता येत नाही." हे नियमाला धरून नाही. एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडायची, उरलेली वाया गेली तरी चालेल, असंच सरकारी धोरण आहे. भांडू नका, पण हे माहीत असल्याचं कळू द्या.

"पोलिओचे थेंब तर दरवेळी पाजतो"

पोलिओ रविवारचे थेंब हे मोहिमेचे, वरचे. ते कार्डावरच्या डोजच्या बदल्यात धरत नाहीत, आणि ते फक्त पोलिओपासून वाचवतात. त्या मोहिमांमुळेच भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा थेंबांची किंमत कमी नाही. पण त्यांनी घटसर्प थांबत नाही.

कार्ड हरवलं तर? गाव सोडून गेलो तर?

कार्ड पावसात भिजतं, उंदीर कुरतडतो, झोपडी बदलताना राहून जातं. घाबरू नका. नर्सताईंच्या रजिस्टरमध्ये आणि त्यांच्याकडच्या कार्डाच्या अर्ध्या भागावर नोंद असते. अलीकडे यू-विन या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल नंबरानं नोंद सापडते, अर्थात लस देताना ती तिथे चढवलेली असेल तर. काहीच सापडलं नाही तर आई आठवून सांगेल ते, आणि दंडावरचा बीसीजीचा व्रण. तेही पुरेसं नसेल तर डोज मिळालाच नाही असं धरून देतात. जास्तीचा एखादा डोज गेला तर अपाय होत नाही, राहून गेला तर होऊ शकतो. व्रण उठला नाही म्हणून मात्र बीसीजी परत टोचायची गरज नाही.

मिरची तोडायला, वीटभट्टीवर, कापूस वेचायला जाणाऱ्यांसाठी एकच सांगणं आहे. कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रावर लस फुकट मिळते, तिथला रहिवासी असावं लागत नाही. तिकडच्या नर्सनं तेलुगूत लिहिलं तरी तारीख आकड्यांतच असते, आणि लस तीच. निघायच्या आठवडाभर आधी आशाताईला सांगा. एखादा डोज चार-आठ दिवसांत यायचा असेल आणि मधलं अंतर पूर्ण झालं असेल, तर तो देऊनच पाठवतील. परत आलात की पहिल्याच दिवशी तिला सांगा, म्हणजे ती पुढच्या सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस बाकी असलेल्यांच्या यादीत, नाव टाकते. महिन्याचं सत्र हुकलं तर पुढच्या महिन्याची वाट बघत बसू नका, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी जा. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि तो नवऱ्याच्याच नाही, स्वतःच्या मोबाइलमध्येही, कारण कामाच्या दिवशी नवऱ्याचा मोबाइल नवऱ्यासोबत असतो.

त्या बाईकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. मावसबहिणीनं कार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवला, पुढची तारीख कार्डाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहिली आणि बाजूला खूण म्हणून लिहिलं, "तुमच्या गल्लीतल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी." मुलगा एव्हाना रडायचा थांबला होता आणि निळ्या डब्याचं झाकण उघडायच्या खटपटीत होता. अर्धा तास व्हायला अजून दहा मिनिटं होती. आई उठायला लागली, तर नर्सताई म्हणाल्या, "बस ना वं. पंखा चालू आहे."